मायचं तिकीट

प्रिय रुद्रेश,

तीन कागद फाडले, हा चौथा. परभणीच्या पोस्टात बाकड्यावर बसून लिहायलेय. दोन ओळी लिहिते, उठते, दारापर्यंत जाते, परत येते. खिडकीतल्या कारकुनाला वाटत असेल, बाई येडी हाय. अक्का हाय मी तुझी, पण फोन लावायचा म्हटलं की तुझा नंबर काढते आणि फोन परत पिशवीत टाकते.

तुझ्या चित्राचं टपाल तिकीट निघालं ते आपल्या पिंगळी गावात समद्यांना कळलं. गाणारा रुद्रेश चित्रंबी काढतो, हे कुणाला ठाऊक होतं! शेजारचे बालाजी गुरुजी आठ तिकिटं घेऊन पळत आले. मायला मोतीबिंदूमुळं दिसत न्हाई, म्हणून तिच्या हातात भिंग दिलं. मला वाटलं, लय खूश होईल. तिनं बघितलं, तिकीट उशाखाली सारलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

काय काढलंस रे बाबा! मांडी घालून बसलेली माय, कपाळभर इभूती, डोळे मिटलेले. तू पूजेतली माय काढलीस, मला कळतंय. पण आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसालाही असंच बसवून, इभूती लावून नेतात ना? त्यात तिच्या मते तिकिटावर गेलेल्यांचीच तसबीर येते. पोरानं मला मेलेली धरलं, म्हणते. पुढच्या गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, तर जाणार न्हाई म्हणते. मेलीला डोळे कशाला, असं म्हणते बघ! गुरुजींनी समजावलं, मी पाया पडले. ढिम्म. डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवलं तर नजर जाईल.

तिला तरी काय बोलू? दोन वर्षं झाली, तुझा आवाज तिनं रेडिओवरच ऐकलाय.

आता लिहूनच टाकते. अप्पांच्या मातीला तू, त्यांचा पोटचा पोरगा, आला न्हाईस, परदेशात गात होतास. समदं मी निभावलं, लोकांची बोलणीही मीच खाल्ली. पुढं तुझा फोन आला तेव्हा माझं डोकं सणकलं. माय तुझं तोंडसुद्धा बघणार न्हाई, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं रे. ती तेव्हा शेजारीच बसली होती, कुणाचा फोन हाय गं, म्हणून विचारत होती. चुकीचा नंबर, म्हणाले. मग तुझा नंबरच ब्लॉक केला. ती रोज विचारायची आणि मी रोज म्हणायचे, त्याला सवड न्हाई. तू तिचे डोळे मिटलेले काढलेस ते माझ्या त्या बोलण्यामुळंच का? राग कधीच गेला. नुसती लाज उरली, आणि लाजेनं तोंड उघडेना.

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आणि घरी जाऊन तिला समदं सांगते. पण माझ्या शब्दावर ती आता कशी विश्वास ठेवणार? म्हणून तू ये, गुरुवारच्या आत ये. दारात उभा राहून नुसती हाक मार, ती उठून बसेल. मग माझ्याशी बोलायचं का न्हाई, ते तुमी दोघं ठरवा.

तुझीच,
महेश्वरी अक्का