महाबळेश्वरचा बर्फ आणि नाथाजींची हळद

हरिपूर, माघ वद्य षष्ठी, शके १८६८

तीर्थस्वरूप सयाजीमामांच्या पायांवर ज्ञानूचे डोके. येथे सर्व ठीक असून मामींच्या गुडघ्याची काळजी वाटते. (मागील पत्रात उजवा की डावा ते आपण लिहिले नाही, म्हणून आईने दोन्हींपुरते तेल पाठवले आहे.)

एक घोटाळा झाला आहे आणि त्यात थोडा हात आपलाही आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी सहावीपर्यंत शिकलेला, त्यामुळे चावडीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याचे काम माझ्याकडे असते हे आपण जाणता. बुधवारी शेवटच्या पानावर साऱ्या देशाचे दोन दिवसांचे हवामान आले होते. उत्तरेकडील डोंगरांत पाऊस व बर्फ पडेल, असे लिहिले होते. आता आपल्या उत्तरेला डोंगर कोणता? महाबळेश्वर. मी तीनदा वाचून पाहिले, एकही अक्षर चुकले नव्हते. लढाईत इटलीला असताना कमरेएवढा बर्फ पडला आणि ऊन पडताच नदी काठाबाहेर गेली, हे आपणच दिवाळीत सांगितले होते. महाबळेश्वरी कमरेएवढा बर्फ पडला तर तो वितळून जाणार कुठे? कृष्णेत. आणि कृष्णा येणार कुठे? आमच्या दारात. (बोटांवर हिशेब केला, शुक्रवार दुपार निघाली.)

नदीकाठी नाथाजींची शिजवलेली हळद वाळत पडली होती. नाथाजी म्हणजे राहीचे वडील. राहीशी माझे लग्न ठरत आले आहे, फक्त सुपारी फुटायची राहिली आहे. मी धावत जाऊन त्यांना पुराचे सांगितले. दिवसभर आम्ही अर्धी ओली हळद पाठीवरून घरात नेली. माजघरात ढीग, देवापुढे ढीग, नाथाजींच्या बाजेवर ढीग. मनुबाईंनी, म्हणजे राहीच्या आईने, चूल अंगणात मांडली.

शुक्रवारी सारे गाव पूर बघायला घाटावर बसले. ऊन असे की डोळे उघडेनात. आमच्या शेजारच्या गुंडाची म्हैस नदीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली, तिचे गुडघेही भिजले नाहीत. ("गड्या, लय पाणी आलंय रं," असे गुंडा माझ्याकडे बघून म्हणाला.) शेवटी शाळामास्तरांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून आणला. ते डोंगर हिमालयाचे होते.

ढिगातली हळद तोवर घामेजली होती. नाथाजी एवढेच म्हणाले, "हळद काठावर न्हे. सुपारीचं मागनं बघू." शनिवार-रविवार ती सगळी मी एकट्याने परत नेऊन पसरली, आणि दर तासाला उलटली. अजून उलटतो आहे.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि मामींच्या (दुखत असेल त्या) गुडघ्यास आराम पडो.

आपला भाचा,
ज्ञानू

ता. क. – खरे काम हे. आपण फौजेतले, आपला शब्द नाथाजी मानतात, आणि आपल्या साताऱ्याहून महाबळेश्वर जवळ. तिथे गेल्या आठवड्यात थोडा तरी बर्फ पडल्याचे त्यांना दोन ओळींत कळवावे. कमरेएवढा नको, घोट्याएवढा चालेल.

ता. क. दुसरा – ते पत्र लिहू नये. पाकीट चिकटवत होतो तोच नाथाजी आले. हळद खडखडीत वाळली, एक हळकुंड खराब नाही. मला शेंडीपासून टाचेपर्यंत पिवळा बघून म्हणाले, "राही म्हनतीया, नवरदेव हळद लावून तयार बसलाय, आता न्हाई कसं म्हनायचं?" सुपारी उद्या फुटते. लग्न फाल्गुन शुद्ध दशमीस, नदीकाठी, उघड्यावर. आपण व मामींनी चार दिवस आधी यावे, आणि निघताना एकदा महाबळेश्वराकडे बघून निघावे.