शिरगावातला खराखुरा पियानो

७ जानेवारी १९६८, रविवार
मशीन घरी आलं. शिरगावातलं पहिलं स्टिरिओ. तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामावरचा एक अमेरिकन साहेब मायदेशी चालला. त्याच्या बंगल्यावर आमच्या वाडीतली केळी जायची, म्हणून आधी मला विचारलं. मशीन, दोन स्पीकर, पियानोच्या सहा रेकॉर्डी आणि एक ट्रान्सफॉर्मर. त्यांच्याकडची वीज आपल्यापेक्षा अर्ध्या जोराची. ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला नाही तर धूर निघतो म्हणे. सगळ्याच्या पायी म्हैस विकावी लागली. मंगला म्हणाली, "म्हस दूध तरी देत होती." कलेच्या बाबतीत बायकोशी वाद घालू नये.

साहेब म्हणाला होता, डोळे मिटून ऐकलं की समोर खरा पियानो आहे असं वाटलं पाहिजे. संकल्प : होळीच्या आत आमच्या माजघरात पियानो.

१४ जानेवारी, रविवार
बळवंत आला. पालघरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, माझा लहानपणापासूनचा मित्र. इतरांशी माझं फारसं जमत नाही, त्यांची पातळी नाही. दोघांनी डोळे मिटून ऐकलं. पियानो समोर वाटत नाही, न्हाणीघरात वाटतो. बळवंत म्हणतो, "नरहरी, आपण दोघांनी खरा पियानो ऐकलाय कुठे?" हा मुद्दाच गैरलागू. वाघ न बघितलेला माणूससुद्धा डरकाळी ऐकून पळतो. ठरलं : दर रविवारी चार वाजता बैठक. बळवंतसाठी वेताची खुर्ची कायमची राखीव.

२८ जानेवारी
सर्व दोष पोझिशनचा. एक स्पीकर भाताच्या कणगीवर, दुसरा देवघराच्या फळीवर. देव तात्पुरते ट्रंकेवर. मंगला बोलत नाही, त्यामुळे ऐकायला शांतता उत्तम. रिझल्ट : पियानो न्हाणीघरातून निघाला, कणगीत बसला. प्रगती आहे.

११ फेब्रुवारी
भिंतींना पेंढा बांधला. आवाज मऊ झाला. गाय आत आली.

१८ फेब्रुवारी
मुंबईहून दोन नव्या रेकॉर्डी आणल्या. दुकानदार म्हणाला, "यातला पियानो जिवंत आहे, शेट." घरी आणून लावला तर आजारी. फसवणूक! कुठलीही रेकॉर्ड लावा, पियानो जड, सुस्त, जेवून लवंडलेला. आता खात्री झाली की दोष मशीनचा नाही, वाजवणाऱ्यांचा आहे. युरोपात थंडीने बोटं आखडत असणार. बळवंतला सांगितलं. तो छताकडे बघत "असेल" म्हणाला. अलीकडे तो फार विचार करतो. माझ्या संगतीचा परिणाम.

३ मार्च
बळवंत उशिरा आला, लवकर गेला. ऐकताना गुडघ्यावर बोटं नाचवत होता. टोकलं. एकाग्रता भंगते.

१४ मार्च
होळी. पियानो नाही. अर्थात होळीच्या आत म्हणजे नेमकी कुठली होळी, हे मी कुठे म्हटलं होतं?

१७ मार्च
बळवंत नाही. पोट बिघडलंय.

२४ मार्च
बळवंत नाही. पुन्हा पोट. त्याला ओवा पाठवला. निरोप्या म्हणाला, मास्तर घरी नाहीत. बिघडलेलं पोट घेऊन माणूस जातो कुठे?

३० मार्च, सकाळ
सातपाटीची जमना मासळी घेऊन आली. तिची बहीण तारापूरला दिलेली. तिथे गेली होती, तर म्हणते, "तुमचा मास्तर तिकडं पारशीणबाईच्या घरात मोट्या पेटीवर बसून बाजा वाजवतंय. आमी डोल्यांनी बगितला." मोठी पेटी! म्हणजे पियानोच. मंगलाला विचारलं, तुला काही माहीत होतं का? ती बोंबील निवडत बसली. म्हणजे होतं. अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. माझ्यासाठी मात्र पोट!

ज्याला मी ऐकायला शिकवलं तो वाजवायला गेला, आणि तेही चोरून.

७ एप्रिल, रविवार
एसटीने तारापूरला गेलो. उद्देश भांडण नाही, केवळ पाहणी. त्या पारशीणबाईंचं, म्हणजे खोरशेदबाईंचं, घर जुनं, कौलारू. पडवीतच उभा राहिलो. आतून आवाज येत होता. प्रामाणिकपणे लिहितो : निराशा झाली. आवाज पातळ. वाजवण्यात घाई. डावं-उजवं वेगळं ऐकू येत नाही. डोळे मिटून पाहिले, समोर पियानो आहे असं अजिबात वाटेना. उघडले तर समोर पियानो.

बळवंत मला बघून लाल झाला. मग म्हणाला, "बस, तुझ्यासाठी एक बसवलंय." आणि वाजवलं. मध्ये दोनदा अडखळला. संपल्यावर माझ्याकडे वळून विचारतो, "ओळखलंस?"

मी म्हटलं, पेटी भिंतीपासून हातभर पुढे घ्या, खाली पेंढा घाला.

खोरशेदबाई म्हणाल्या, "अरे डिकरा, आ तो साचो पियानो छे!" म्हणे हाच खरा पियानो. बाई भल्या आहेत, पण कान नाही.

स्टँडवर बळवंतने सांगितलं की ते आपल्या तिसऱ्या रेकॉर्डीतलं होतं. शक्यच नाही. ती मी रोज लावतो. तेव्हा त्याने खरं काय ते बाहेर काढलं. वीजकेंद्राच्या कामावरचा वायरमन एकनाथ म्हणे त्याला म्हणाला, ट्रान्सफॉर्मर विजेचा फक्त जोर कमी करतो, तिची चाल बदलत नाही. अमेरिकेतल्या विजेची चाल जलद, आपली मंद, आणि मोटर त्या चालीवर फिरते. म्हणजे माझं मशीन पहिल्या दिवसापासून हळू फिरतंय. सगळे सूर खाली, सगळी गाणी मंद. विचारलं, हे तुला कधीपासून माहीत? म्हणाला, फेब्रुवारीपासून. "तुझ्याकडच्यासारखं वाजवायला गेलो तर जुळेचना. म्हणून विचारलं त्याला."

मग सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, "तू इतका खूष होतास रे."

आणि तारापूरला मुळात गेलास कशाला? "तुझ्यासाठीच. खरा पियानो कसा असतो ते ऐकून तुला सांगावं म्हणून गेलो, आणि तिथेच बसलो."

माझ्यासाठी! माणूस केसाने गळा कापतो आणि वर म्हणतो तुझ्यासाठी. सांगितलं त्याला, माझ्या घराची पायरी चढू नकोस. एसटीत तो पुढे बसला, मी मागे. दोघांनीही मागे-पुढे पाहिलं नाही. मी एकदा पाहिलं.

१४ एप्रिल
चारची बैठक झाली. उपस्थिती : मी. विचारांती मत असं की मंद हेच बरोबर. घाई हा अमेरिकेचा दोष आहे. आपल्या विजेने त्यांच्या संगीताला जरा दम खायला शिकवलं. हा विचार बळवंतला ऐकवला असता तर तो "असेल" म्हणाला असता. वेताची खुर्ची माळ्यावर टाकली.

२१ एप्रिल
एकनाथ पुडी घेऊन आला. आत पितळेची छोटी कडी. बळवंतने बोईसरला लेथवर करून घेतली, मोटरच्या दांड्यावर बसवली की चाल बरोबर होते म्हणे. चिठ्ठी नाही. गद्दार माणसाचे उपकार मी घेत नाही. एकनाथला चहा देऊन पुडी ट्रंकेवर टाकली. देवांच्या मागे.

२४ एप्रिल, संध्याकाळ
कडी बसवली. केवळ सायंटिफिक जिज्ञासा.

लिहावं कसं तेच कळत नाही. तिसरी रेकॉर्ड लावली, डोळे मिटले, आणि माजघरात पियानो! कणगीत नाही, न्हाणीघरात नाही, समोर. हात लांब केला असता तर लाकूड लागलं असतं. आणि हो, बळवंतने वाजवलं ते हेच. तो अडखळला त्या दोन्ही जागा कळल्या. कठीणच आहेत त्या.

ओरडून मंगलाला बोलावलं. ती पीठभरल्या हातांनी आली, उभ्याने ऐकलं आणि म्हणाली, "हे कुटलं आणलं आता? माझं तिसरं लावा की. सुरू झालं की मी भात टाकते, संपलं की उतरवते." म्हटलं, अगं, हे तिसरंच. म्हणे, "नाय." घड्याळासारखी वापरत होती माझी रेकॉर्ड, आणि मला पत्ता नाही.

मग दारात जमना दिसली. म्हटलं, ही परकी, हिचं मत निःपक्षपाती. तिने टोपली टेकवली, कान दिला आणि हळहळली, "मशीन बिगडला काय, नरूभाव? आदी किती बरा वाजत होता."

हा आवाज खरा आहे हे ओळखणारा पंचक्रोशीत एकच माणूस.

२८ एप्रिल, रविवार
खुर्ची माळ्यावरून काढली. धूळ बसते म्हणून. पुसून जागेवर ठेवली. चार वाजता मशीन लावलं, दार सताड उघडं ठेवलं, उकाडा फार. पियानो उत्तम वाजला. पाच वाजता बंद केलं. कडी पाठवली आहे म्हणजे येईलच तो. रविवारी त्याला दुसरं काम काय असतं?

५ मे, रविवार
आला नाही. मशीन लावलं आणि अर्ध्यावर थांबवलं. एकट्याने ऐकवत नाही. समोर कोणीतरी वाजवत बसलंय आणि आपल्याशी बोलत नाही, असं वाटत राहतं.

तारापूरची सकाळची एसटी कितीला, ते नाक्यावर विचारून आलो. सहज. जायचा काही प्रश्नच नाही, पायरी त्याने चढायची आहे, मी नाही. मंगलालाही तसं स्पष्ट सांगितलं. ती ऐकत होती आणि पिशवीत केळी भरत होती. खाली बळवंतसाठी, वर पारशीणबाईंसाठी. या घरात माझ्या शब्दावर कोणाचाच विश्वास उरलेला नाही.