आहेरातला पैलवान

छातीपर्यंत निघाला आहे, पाय अजून चिकटलेले आहेत. ओलं फडकं ठेवून शंभर आकडे मोजायचे, मग कोपऱ्यातून नख घालायचं, मग हळू ओढायचं. घाईने ओढला की लेबलाचा कागद कमरेत फाटतो आणि लंगोटाखालचा पैलवान टॉवेलवरच राहतो. उजव्या हाताने हे पत्र लिहितो आहे आणि डाव्या हाताने त्याची तंगडी सोडवतो आहे. कागदावर पाण्याचे थेंब दिसतील ते या कामाचे आहेत, डोळ्यांचे नव्हेत. (आमच्या सौ. बसव्वाचं मत वेगळं आहे.)

जे आधी लिहायला हवं होतं ते आता लिहितो. राजमान्य राजेश्री शिवशरणअप्पा, आमचे व्याही, मुक्काम माळशिरस, यांस सोलापूरहून गुरुबसप्पाचे हात जोडून शरणु शरणार्थी. विहीणबाई शिवम्मा यांनाही. तुमचा गुडघा थंडीत कसा आहे? एरंडाची पानं बांधता की सोडून दिलं? आमच्या हेमावतीच्या भाकरीला आता चार कोपरे येत नसतील अशी आशा आहे. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य रीतीप्रमाणे लिहिलं. उद्या सकाळी नऊपर्यंत ते खरं आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पोस्टात आजकाल पत्रं उघडतात असं म्हणतात. (उघडतात ते देशाच्या हिताचंच आहे. ईरप्पाची पिशवी एसटी स्टँडवर कोणी तपासली आणि हे वाचलं, तर त्या साहेबांनाही माझा नमस्कार. गाड्या वेळेवर सुटतात याचा मला मनापासून आनंद आहे.) ईरप्पा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, आमचा फिरता विक्रेता. लग्नात ज्याने तुमच्या मंडळींना दोनदा जेवायला बसवलं तो. वय चाळीस. या सगळ्या प्रकरणाचं मूळ तोच आहे, म्हणून पत्र घेऊन जाण्याचं कामही त्यालाच दिलं आहे. आज हेमावतीचं कार्ड आलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

तुम्हाला ठाऊक आहे, वडिलांच्या वेळेपासून आमचा टॉवेल मोर छाप. गेल्या वर्षी ईरप्पा दौऱ्यावरून हात हलवत परत आला आणि म्हणाला, "काका, मोर बघून कोन अंग पुसतंय?"  तेव्हा त्याने श्रीमंत नावाच्या पैलवानाला आणलं. त्या वर्षी श्रीमंतने पाच मैदानं मारली होती. त्याला फोटोवाल्याकडे नेला, लाल लंगोट, खांद्यावर आमचा टॉवेल, मांडीवर शड्डू. चौरंगावर उभा केला तर चौरंगाचा एक पाय मोडला. म्हणून चित्रात पैलवान डावीकडे कलला आहे. (राजकारणात डावं-उजवं असतं म्हणतात. त्याचा याच्याशी संबंध नाही. चौरंग आंब्याच्या लाकडाचा होता.) मोबदल्यात त्याला वर्षभर रोज दोन शेर दूध. लेबल छापलं, खळ लावून टॉवेलवर चिकटवलं, खाली ओळ घातली: ‘कितीही पिळा, रंग सोडत नाही.’ ही ओळ माझी. मला तिचा अभिमान होता. वैशाखात हेमावतीच्या लग्नात तुम्हाला टोपी-टॉवेलाचा आहेर केला तो याच पहिल्या गठ्ठ्यातला. तेव्हा पैलवान फक्त पैलवान होता.

दिवाळीनंतर मैदान झालं. श्रीमंतने सातव्या मिनिटाला कुस्ती चीतपट केली. गदा द्यायला मंत्री आले होते. मी पुढच्या रांगेत होतो, कारण मैदानाला टॉवेल आमचे होते. निवेदकाने सांगितलं की विजयी मल्लाने वीस कलमी कार्यक्रमाबद्दल दोन शब्द बोलावेत, मग गदा. श्रीमंत ध्वनिवर्धकासमोर उभा राहिला. तो बोलणारा माणूस नाही. दूध कमी आलं तरी बोलत नाही. तो म्हणाला, "आमचे कल्लप्पा वस्ताद नऊ म्हैनं झालं आत हायत. कशापायी ते कुनी सांगत न्हाय. त्येनला सोडा. मग गदा त्येंच्या हातनं घेतो." मंत्र्यांचे हात गदेसकट पुढे आले होते, ते तसेच राहिले. श्रीमंतने आमच्या टॉवेलने तोंडाची माती पुसली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि मैदानातून चालत गेला. हलगीवाल्याला कोणी थांब म्हटलं नाही, म्हणून तो वाजवत राहिला. मी टाळी वाजवली नाही. हे मी फौजदारांनाही सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो नाही. नावही नाही. ‘विजयी मल्ल’ एवढंच. तालमीच्या दारावरचं चित्र पुसलं. चौकातला फलक उतरवला. मग अप्पा, साऱ्या जिल्ह्यात श्रीमंतचं चित्र एकाच ठिकाणी उरलं, आणि ते माझ्या टॉवेलवर होतं. मला हे चार दिवसांनी समजलं. टॉवेल घरी नेला की लोक आधी लेबल फाडतात. आहेराचा असला तरच ठेवतात. आता लोक टॉवेल वापरत होते आणि लेबल ठेवत होते. बाजारात खांद्यावर टॉवेल, पैलवान बाहेर. सलूनमध्ये गळ्याभोवती टॉवेल, पैलवान छातीवर. माल संपला, पुन्हा विणला, पुन्हा संपला. पूर्वी गिऱ्हाईक बोलून बोलून डोकं खायचं, सूत जाड आहे, काठ विरळ आहे. आता गिऱ्हाईक बोलत नाही. येतं, टॉवेल घेतं, लेबल बघतं, माझ्याकडे बघतं आणि मान हलवतं. मीही हलवतो. नंतर माझी मान दुखते. एक हेडमास्तर तर माझा हात हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही तरी आहात." मी कुठे आहे? मी साखर पेठेत आहे, सहा मागांच्या मधे. मी कोणाच्या बाजूचा नाही. पण हे मी कोणाला सांगितलं की लोक आणखी आदराने बघतात.

काल गुरुवारी फौजदार आले. खुर्चीवर बसले, चहा नको म्हणाले. (चहा नको म्हणणारा पोलीस मी प्रथम पाहिला.) लेबल बराच वेळ वाचलं. "ही ओळ कोणाची?" मी म्हणालो, "रंगाबद्दल आहे, साहेब." ते म्हणाले, "कोणाच्या रंगाबद्दल?" मग हळू आवाजात सांगितलं की शनिवारी सकाळी नऊला येतो, तेव्हा कारखान्यात हे चित्र एकही दिसता कामा नये. शिवाय मंत्री दोन दिवस जिल्ह्यात फिरणार आहेत, त्यांच्या नजरेला हे चित्र जिल्ह्यात कुठेही पडलं, तर मालक, कपडे भरून ठेवा. बसव्वाने ते आतून ऐकलं आणि खरोखरच कपडे भरले. दोन धोतरं, लोकरीची टोपी, विभूतीची डबी आणि चार टॉवेल. चारही पैलवान छाप. मी ते परत काढले.

म्हणून आज सकाळपासून माग बंद आहेत आणि सगळे जण बादल्या घेऊन बसले आहेत. बाराच्या सुमाराला श्रीमंत आला. तो दुधाबद्दल आला असेल असं मला वाटलं. दारात उभा राहिला. पन्नासेक पैलवान बादलीत तरंगत होते, काही अर्धे. कोणी मान वर करेना. मी म्हणालो, "पैलवान, माझा नाइलाज आहे. मुलगी नुकती दिली आहे, दहा माणसांचं पोट आहे." तो म्हणाला, "मालक, मी काय म्हनलो का?" मग खाली बसला, बाही सारली आणि एक टॉवेल ओढला. "तुमी लई दांडगाईनं ओढतायसा. द्या हिकडं." अप्पा, सगळ्यांत सफाईने तोच काढतो. आधी स्वतःच्या तोंडावर ओलं फडकं ठेवतो, थांबतो, मग कानाच्या बाजूने सोडवत आणतो. एकही फाटला नाही. ईरप्पाने चेष्टा केली, "पैलवान, स्वतःला चीत करताय की." तो म्हणाला, "दुसरं कुनी हायच कुटं?" ईरप्पाने बादली ओढून घेतली आणि लेबलं काढत बसला. ईरप्पाला गप्प बसवणारा माणूस मी प्रथम पाहिला.

आता दिवस मावळत आला आहे. शेवटचा गठ्ठा उरला आहे. वस्तादाबद्दल मी श्रीमंतला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं लिहिताना वाटतं. त्याने आपणहून एवढंच सांगितलं की भेटायला गेला होता, भेट दिली नाही, तूप आत पाठवलं, ते पोचलं की नाही माहीत नाही.

बाकी सर्व ठीक. विहीणबाईंना बसव्वाचा नमस्कार. हेमावतीला आशीर्वाद. जावईबापूंनी सायकलवर मफलर बांधावा. ईरप्पा उद्या अकराच्या गाडीने निघेल. त्याआधी साहेब येऊन जातील, काय झालं ते तळाशी लिहून मग पाकीट बंद करतो.

आपला नम्र,
गुरुबसप्पा

ता. क. हेमावतीच्या कार्डाबद्दल लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहवत नव्हतं. ती लिहिते की रविवारी तुमच्या सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन आहे, मंत्री येणार आहेत, तुम्ही चेअरमन म्हणून त्यांना टोपी-टॉवेल देणार आहात, आणि त्यासाठी ‘मामंजींनी आपल्या आहेरातला टॉवेल ट्रंकेतून काढून ठेवला आहे, अजून कोरा आहे, लेबलसुद्धा तसंच आहे.’ अप्पा, हे वाचून मी बादलीच्या काठावर बसलो. आहेर परत मागायची आमच्यात रीत नाही, तुमच्यातही नसेल. मी परत मागत नाही. फक्त लेबल काढा. ओलं फडकं, शंभर आकडे, कानाच्या बाजूने. नख लावू नका.

ता. क. दुसरा. बसव्वा म्हणते, "ब्याड री, नको, असं लिहू नका. आपण केलेला आहेर ते दुसऱ्याला देतात हे आपल्याला कळलं असं होईल." तसं मुळीच नाही. आहेर फिरतोच. तुम्ही आम्हाला केलेलं जरीकाठी धोतर आम्ही श्रावणात अक्कलकोटला तिच्या भावाला दिलं. त्याने ते कोणाला दिलं माहीत नाही. तेव्हा मन मोठं करा. हेमावतीने कार्ड लिहिलं याबद्दल तिला बोलू नका. तिच्या बापाची सुटका त्या कार्डाने होणार आहे, झाली तर.

ता. क. तिसरा, शनिवार, सकाळी सव्वादहा. दोन्ही ता. क. रद्द समजावेत. लेबल काढू नका.

सकाळी टॉवेल वाळले. प्रत्येकावर लेबलाच्या आकाराचा पांढरट चौकोन आहे, खळीचा. चौकोनाच्या मधे फिकट लाल डाग आहे, तो लंगोटाचा. टॉवेलने रंग सोडला नाही, लेबलाने सोडला. नऊला साहेब आले. एक टॉवेल उचलला, उजेडात धरला. "हे काय?" मी म्हणालो, "खळीचा डाग." "आणि लाल?"  बसव्वा पिशवी घेऊन दारात उभी होती. साहेबांनी टॉवेल उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "चित्राबद्दल हुकूम आहे. डागाबद्दल वरून काही लिहून आलेलं नाही." तो टॉवेल त्यांनी बरोबर नेला. पुराव्यासाठी नेला की घरी, ते विचारलं नाही.

साडेनऊला बार्शीचा व्यापारी आला. कपाटातले स्वच्छ टॉवेल पुढे केले, ते त्याने बाजूला सारले. चौकोनाचे जवळजवळ सगळे घेतले. माझ्याकडे बघून मान हलवली.

तेव्हा तुमच्या टॉवेलचं लेबल काढून उपयोग नाही. मंत्र्यांना देण्यासाठी ईरप्पाबरोबर मोर छाप पाठवतो आहे. आहेरातला ठेवा. तो तुम्हालाच दिला होता. गुडघ्याला बांधा, अंग पुसा, पण आता पुढे देऊ नका.

साहेब गेल्यावर श्रीमंत आला, दूध पिऊन तालमीत गेला. जाताना त्याने एक टॉवेल मागितला. मी कपाटातला कोरा काढत होतो. तो म्हणाला, डागाचा द्या.