ओळख असली तरी कार्ड

रहाटणी,
रविवार सकाळ

प्रिय अण्णा,

पत्र बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहोत. फोनवर तुमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का, थंडी पडली का तिकडं, धर, आईशी बोल" इथंच संपतं, म्हणून हा उद्योग. काकांचा नवनाथ परवा गावी येतोय, त्याच्या हाती देतेय. त्यानं वाटेत उघडून वाचलं तर वाचू दे, फक्त मग गावभर करू नकोस म्हणावं.

मागच्या रविवारी मी तुम्हाला विचारलं, सिक्युरिटीची परीक्षा देऊ का? तर तुम्ही म्हणालात, "त्याला परीक्षा कशाला लागतीय? उंची बघत्यात, तब्येत बघत्यात, झालं." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बावीस वर्षं मी गेटवर उभारलो ते तू पण उभारावीस म्हणून न्हाई," आणि फोन आईकडं दिलात. आई सांगत होती, त्यानंतर तुम्ही चहासुद्धा अर्धा ठेवून शेतात निघून गेलात. अण्णा, ती सिक्युरिटी वेगळी हो. कंपनीच्या कॉम्प्युटरांनाही एक गेट असतं. तिथून कोण आत येतंय, काय घेऊन बाहेर जातंय, हे बघायला माणूस लागतो. त्या कामाची ही परीक्षा. सगळं खुर्चीत बसून. टोपी नाही, शिट्टी नाही, पाय दुखणं नाही. आता तो राहिलेला चहा परत करून प्या.

झालंय असं की आमच्या प्लांटला पुढच्या वर्षी या कामासाठी वेगळा माणूस नेमायचाय. आमच्या साहेबीण अरुंधती मॅडम मला बोलावून म्हणाल्या, वर्षाली, सर्टिफिकेट आण, खुर्ची तुझी; नाही आणलंस तर बाहेरून कुणीतरी येईल आणि तू त्याच्या हाताखाली. दहा वर्षं झाली मला त्या कंपनीत. पासवर्ड विसरला, बोलवा वर्षालीला. प्रिंटर अडला, बोलवा वर्षालीला. अर्धी कंपनी मला प्रिंटरवाल्या मॅडम म्हणते. फॉर्मची शेवटची तारीख उद्या, सोमवार.

आणि तरी मी महिनाभर घोळ घालत बसले. कारण खरं सांगू का, मी सुखात आहे. सव्वासहाला कंपनीची बस काळेवाडी फाट्याला सोडते. घरी येते तोवर धनेशची फर्स्ट शिफ्ट सुटलेली असते, त्यानं चहा टाकलेला असतो, त्यात आलं जरा जास्तच असतं. स्वरूपाला शाळेतलं सगळं एका दमात सांगायचं असतं. असं सगळं नीट चाललेलं असताना सुखाचा जीव दुःखात कशाला घाला? पुस्तक आणलंय, ते आईच्या वरवंट्याइतकं जड आहे. चौतिसाव्या वर्षी नापास झाले तर लपवायचं कुठं? कॅन्टीनच्या रांगेत सगळ्यांना कळेल. धनेशला विचारलं तर तो म्हणतो "कर की." पण त्याच्या "कर की"वर विसंबून काय उपयोग? रात्री भेंडी करू का विचारलं तरी तो "कर की"च म्हणतो.

दिवाळीच्या आधीची एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. दुपारी माझ्या टेबलवरचा फोन वाजला. पलीकडे सुरेंद्र सर, आमचे प्लांट हेड. म्हणाले, बाहेरगावी आहे, मोबाईल बंद पडलाय, हॉटेलच्या फोनवरून बोलतोय, पासवर्ड चालत नाहीये, पाच मिनिटांत मीटिंग आहे, बदल आणि नवा मला सांग. आवाज त्यांचाच. खोकलासुद्धा त्यांचाच. माझा हात कीबोर्डवर गेला आणि तिथंच थांबला. मी म्हटलं, सर, तुमच्या सेक्रेटरींकडून खात्री करून घेते, मग बदलते. ते असे भडकले म्हणता! आवाज ओळखत नाहीस का, दहा वर्षं काय झोपा काढल्या का, सगळं ऐकवलं. मी "हो सर, ओळखते सर" म्हणत राहिले आणि पासवर्ड काही दिला नाही. शेवटी खात्री झाली, तर ते खरोखर सुरेंद्र सरच होते. मीटिंग वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. मला वाटलं, आता गेली नोकरी. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आमच्या खोलीत आले, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि अरुंधती मॅडमना म्हणाले, या कामाला हीच ठेवा.

त्या वीस मिनिटांत मला तुम्ही दिसत होतात. गेट नंबर दोन, माझ्या नोकरीचा चौथा दिवस. तुम्ही फर्स्टला म्हणून पहाटेच निघून गेला होतात, मी आठच्या बसनं आले आणि कार्ड घरी, दुसऱ्या पर्समध्ये. तुम्ही हात आडवा धरलात आणि म्हणालात, "मॅडम, कार्ड." मी म्हटलं, अण्णा, मी आहे. तुम्ही परत तेच म्हणालात. वर म्हणालात, नसेल तर तुमच्या साहेबांना फोन करा, ते येऊन घेऊन जातील. मी रागानं तशीच फिरले, रहाटणीला आले, कार्ड घेतलं आणि साडेबाराला परत गेले. तुम्ही कार्ड पुढून बघितलंत, मागून बघितलंत, फोटो चेहऱ्याशी ताडून बघितलात, वहीत वेळ लिहिलीत आणि कडक सलाम ठोकून म्हणालात, "या मॅडम." मी खाली मान घालून आत गेले आणि तुमच्याशी आठ दिवस बोलले नाही.

आई अजून समजते की माझा अर्धा दिवस बुडाला म्हणून मी रुसले होते. तसं नव्हतं, अण्णा. गेटवरचे उद्धवराव माझे वडील आहेत हे मी त्या चार दिवसांत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हीही न सांगता ते ओळखलं होतंत आणि माझ्याकडे बघायचंसुद्धा टाळत होतात. त्या दिवशी माझ्याच तोंडून "अण्णा" निघालं, आणि रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला लाज वाटली होती. कार्ड विसरल्याची नाही, तुमची. हे लिहिताना आजही कान तापलेत, पण एकदा लिहायलाच हवं होतं. ज्या नोकरीनं माझी फी भरली, तिची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघण्याआधी तुम्ही माझं कार्ड डब्याच्या पिशवीच्या बंदाला बांधून ठेवलंत, आणि रिटायर होईपर्यंत, चार वर्षं, रोज बांधत राहिलात. त्यावर आपण दोघं कधी एक शब्द बोललो नाही.

मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला ते सोपं गेलं असेल, नियमाचा माणूस, हात आडवा धरला की झालं. सुरेंद्र सरांचा आवाज ओळखूनसुद्धा नाही म्हणताना माझी जी गत झाली, तेव्हा कळलं. ते तर नुसते साहेब होते. तुमच्यासमोर तुमची मुलगी होती, नवा ड्रेस घालून आलेली.

तर त्या वरवंट्याएवढ्या पुस्तकाचा पहिला धडा काय आहे माहितेय? माणूस कितीही ओळखीचा असो, दर वेळी तपासल्याशिवाय आत सोडायचं नाही. त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, झीरो ट्रस्ट, आणि त्यावर पंचवीस पानं लिहिलीत. मी मधेच पुस्तक मिटून हसत बसले. स्वरूपा विचारायला लागली, आई, काय झालं? म्हटलं, तुझ्या आजोबांचा धडा आहे.

आज सकाळी फॉर्म भरून टाकला. नापास झाले तर झाले, कार्ड विसरले तेव्हा तरी कुठं नोकरी सुटली होती? पुन्हा जाऊन घेऊन आलेच की. परीक्षा नेमकी भोगीच्या दिवशी आहे, चिंचवडला. तिथला नियम असा की दोन ओळखपत्रं दाखवायची, आणि नावात एका अक्षराचा फरक असला तरी दारातून परत. माझ्या आधारवर धनेशचं नाव लागलंय, पण पॅन आणि पासपोर्टवर अजून तुमचंच आहे. मी तेच दिलं. सर्टिफिकेट आलं तर त्यावर वर्षाली उद्धव छापून येईल. धनेशला विचारलं, म्हणाला, "कर की."

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगते. संक्रांतीला तुम्ही दोघं येणारच आहात, तर दोन दिवस आधी या. भोगीच्या दिवशी सकाळी आठला मी निघेन, तेव्हा तुम्ही आपल्या दारात उभे राहा. लेक म्हणून सवलत नको. दोन्ही ओळखपत्रं मागा, पुढून बघा, मागून बघा, फोटो ताडून बघा. एक जरी विसरले असेन तरी आत पाठवा परत. सगळं बरोबर असलं तर मात्र त्या दिवशीसारखंच म्हणा, "या मॅडम." तेव्हा मी मान खाली घालून निघून गेले होते. या वेळी तुमच्याकडे बघून जाईन.

तुमचीच,
गेट नंबर दोनच्या उद्धवरावांची मुलगी
वर्षाली