धुऱ्यावरची टोळधाड

मुक्काम अकोला

माय, दशरथचं डोकं तुह्या पायावर. मी बरा आहो, घोर करू नको.

मालकाच्या पऱ्हाटीवर टोळ उतरले. आमी थाळ्या बडवून त्यायले शेजारच्या वावरात हाकललं. तिकडच्यायनं डफ वाजवून आमच्याकडेच परतवलं. मंग दोन वावरायच्या मधल्या धुऱ्यावर काठ्या चालल्या. शेजारच्या मोतीरामचा डोळा माह्या काठीनं फुटला. माह्या डोक्याले लागलं, ते हळदीनं भरून येईन.

तवर टोळायनं दोन्ही वावरं खाऊन टाकली. रक्त उडालेल्या एका काडीवर हात जोडल्यावानी बसणारा खंडोबाचा किडा टोळाचं मुंडकं चावून राहिला होता. टोळ मारणारा मले तेवढाच दिसला.

बाबाचा खोकला कसा आहे? तिकडे टोळ आले त त्याले थाळी बडवू देऊ नको. आपल्या धुऱ्यापलीकडे काकाचं वावर आहे.

तुहा दशरथ