मोकळी वाट

प्रिय हरणा,

हे नाव तुला गावानेच ठेवलं होतं, तुला आवडायचंही. पुलाच्या मोजणीसाठी आलेला कुणी शहरी मुलगा चड्डी घालून, मागे कुत्रं लागलेलं नसताना पहाटेच धावत सुटतो, हे आमच्या लोकांना पहिल्यांदाच दिसत होतं. मग दुसऱ्या दिवशी तुझ्यासोबत मीही धावताना दिसले आणि गावाला चघळायला विषय मिळाला. पूल काही झाला नाही. तू मात्र मोठा माणूस झालास, खाडीकाठच्या धावण्याच्या वाटांवर पुस्तिका काढलीस, आणि ती आमच्या बर्फाच्या कारखान्यापर्यंत येऊन पोहोचली. लाद्या फोडता फोडता आमच्या बायकांनी ती मोठ्याने वाचली. ओल्या हातांनी पानं उलटल्यामुळे माझी प्रत आता फुगून जाड झाली आहे.

छान लिहिली आहेस, खोटं कशाला बोलू. मिठागराच्या बांधावरची वाट, जिथे दोन्ही बाजूंना आभाळ उतरलेलं असतं, ती तू अगदी डोळ्यांसमोर उभी केलीस. सरूच्या बनातली मऊ वाट, जिथे आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. दीपगृहाची चढण, जिच्या निम्म्यावर तू कंबरेवर हात ठेवून उभा राहायचास आणि मला सांगायचास की देखावा बघतोय. मासळी वाळवायच्या मैदानाकडून जाणाऱ्या वाटेला तू ‘समुद्रगंध मार्ग’ म्हटलंस, तेव्हा आमच्या मुकादमीणबाई हसून हसून खाली बसल्या. नाक दाबून धावायचास तिथून. या सगळ्या वाटा तुला कोणी दाखवल्या ते पुस्तिकेत कुठेच नाही. तू म्हणतोस, ‘मला सापडल्या’. ठीक आहे, तेवढं मी सोडून दिलं असतं. माझं नाव छापून यावं म्हणून मी धावत नव्हते, आणि आजही कामावर जायच्या आधी त्याच वाटांवर धावते.

पण शेवटचं प्रकरण. खाडीच्या मधून पलीकडे जाणारी ती ओहोटीची वाट. तू लिहिलंस की एक घाबरट स्थानिक मुलगी तुझ्यामागे आली, गाळात रुतली, आणि तू जिवावर उदार होऊन तिला बाहेर काढलंस. ‘होडीवाला मात्र काठावर उभा राहून मजा बघत होता.’ हे वाक्य मला पाठ झालं आहे. मी ते माझ्या मामांना, म्हणजे त्या होडीवाल्यालाच, वाचून दाखवलं. मामा होडी उलटी घालून तिला डांबर लावत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि डांबर लावायचं काम पुढे चालू ठेवलं. रागावले असते, शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशीचं तू विसरला असशील तर मी सांगते. तू मामांना विचारलंस, वाट मोकळी आहे का. मामा म्हणाले, होतेय आता मोकळी. तू निघालास. मी थांब थांब म्हणत होते आणि तू हसत होतास. अरे, आमच्याकडे वाट म्हणजे होडीची वाट. पाणी भरलं, होडी सुटली, की वाट मोकळी. पाणी गेलं, चिखल उघडा पडला, की वाट बसली. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. तू इतके महिने आमच्यात राहिलास, घरी जेवलास, आणि हा एक शब्द तुला कळला नाही. मी तुला परत बोलवायला मागे धावले. पाणी नेहमीसारखं आधी मागून आलं, गावाकडच्या बाजूने, आणि मी मांड्यांपर्यंत रुतले. तू एकदा मागे वळून पाहिलंस. आपली नजरानजर झाली. मग तू पलीकडच्या काठाकडे जो सुटलास तो सुटलासच. मला मामांनी काढलं. वल्हं आडवं टाकून, त्यावर पोटावर झोपून, माझ्या काखेत हात घालून. त्या ओढाताणीत त्यांचा खांदा निखळला, तो आजही नीट वर जात नाही.

आता तुझी पुस्तिका हातात घेऊन पाहुणे येतात. मामांकडे बोट दाखवून विचारतात, तो होडीवाला हाच का? काही जण त्यांचा फोटो काढतात. काही जण दुसरी होडी यायची वाट बघत उभे राहतात, बायकामुलं सोबत आहेत म्हणतात. ज्या माणसाने सगळा जन्म लोकांना पार पोहोचवण्यात घालवला, त्याची होडी रिकामी बसते. मामी बाजारात जायची बंद झाली. मला तुझा राग येतो हे म्हणणं फारच सौम्य झालं. मला तुझी जिरवायची होती, आणि कशी ते मात्र सुचत नव्हतं.

तेवढ्यात तूच धावून आलास. तुझ्या धावणाऱ्यांच्या मंडळाची शर्यत आमच्या गावात ठरली, तीही त्याच वाटेवरून, आणि पुढे तू स्वतः. तू होडीच्या धक्क्यावर फोन केलास, तो मामांनीच उचलला. आवाज त्यांनी ओळखला नाही, तूही नाही. रविवारी सकाळी वाट मोकळी असेल का, एवढंच तू विचारलंस. मामा म्हणाले, सकाळी एकदम मोकळी. त्यांनी मला हे कौतुकाने सांगितलं, कुणीतरी होडीची चौकशी करत होतं म्हणून. रविवार म्हटल्यावर तो तूच हे मी ओळखलं, पण मामांना ते कळू दिलं नाही. मग तुझ्या लोकांनी वाट दाखवायच्या कापडी निशाण्या शिवून देणारं कोणी आहे का विचारलं, तेव्हा मीच हात वर केला. रोज कामावरून आले की शिवत बसायची. इतक्या मनापासून मी कधी काही शिवलं नसेल.

तुझ्या मंडळींची काळजी करू नकोस. त्यांना मी काठावर अडवलं आहे, मोकळी म्हणजे काय ते समजावलं आहे, आणि नंतर मीच त्यांना बांधावरून धावायला नेणार आहे. तुला तेवढं सांगायचं राहिलं. तू उजाडताच पुढे जाऊन निशाण्या रोवत येणार, आणि मोठी निशाणी खाडीच्या मधोमध, आम्ही जिला पाठ म्हणतो त्या वाळूच्या उंचवट्यावर लावणार, हे मला ठाऊक होतं. हे पत्र त्याच निशाणीच्या घडीत ठेवलं आहे, म्हणजे तू आत्ता पाठीवरच उभा आहेस. मागे वळून बघ. गावाकडची बाजू भरली असेल. समोरचीही भरेल. घाबरू नकोस, पाठीवर पाणी कधीच चढत नाही, फक्त आजूबाजूचं दुपार होईपर्यंत उतरत नाही. काठावर तुझी सगळी माणसं आहेत, आमचं गाव आहे, मामा आहेत. मामा भोळे आहेत, तुला बघून लगेच होडी काढतील, म्हणून वल्ही मी बर्फाच्या खोलीत टाकून कुलूप लावलं आहे आणि किल्ली माझ्या मुठीत आहे. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. त्या दिवशी मला कोणी बाहेर काढलं आणि तू काय केलंस, ते तिथूनच ओरडून सांग. मामांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ते ऐकलं की मी किल्ली देईन, आणि तुला घ्यायला तेच येतील, त्याच खांद्याने वल्हवत.

आजच्या दिवसापुरती तुझीच,
मामांची भाची