डावरा हिरो

आई, हल्ली मी सिनेमे दाखवत फिरते. ऐकून तू कपाळाला हात लावशील. नोकरी संपल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, मी प्रोजेक्टर, पडदा आणि दोऱ्या गाडीत टाकून निघते. कधी भात कापून रिकामा झालेला मळा, कधी गावावरचा कातळ, कधी आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडपुढची जागा. हातखंब्याला तर एका गॅरेजच्या अंगणात दाखवला, ड्रायव्हर मंडळी जुन्या टायरांवर ऐसपैस बसली होती. दिवेलागणीला सुरू, जेवणवेळेला घरी. तुझा नातू म्हणतो, आईला या वयात काय एकेक सुचतं!

मला आपला उत्सव आठवतो. मंडळ सिनेमा आणायचं, देवळापुढे दोन पोफळींच्या मध्ये पडदा बांधायचे. पुढे पुरुष आणि पोरं, पडद्यामागे तुम्ही सुना, कारण सासऱ्या-दिरांच्या पंगतीत सुनांनी बसायचं नाही. मी तुझ्याजवळ घुसले की पाठीत धपाटा बसायचा. "पुढे जा गो! तुला काय धाड भरलेय मागून बघायला?" दुसऱ्या दिवशी विळीवर खोबरं खवता खवता शेजारच्या काकूंना तू अख्खा सिनेमा सांगायचीस, गाण्यांसकट, रडण्यासकट. काकूंना गुडघ्यांमुळे देवळापर्यंत येववत नसे. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच पदराने नाक पुसायच्या.

एका सकाळी तू म्हणालीस, "हिरो डावरा हो, पण पत्र काय झरझर लिहिलान!" मी दहा वर्षांची, अतिशहाणी. खो खो हसले. "डावरा कुठला? उजव्या हाताने लिहीत होता. काकू, आईला डावं-उजवंसुद्धा कळत नाही!" काकूही हसल्या. "असेल बाय," एवढंच म्हणून तू खवत राहिलीस. त्यानंतर तू सिनेमा कधी सांगितला नाहीस. काकूंनी विचारलं की म्हणायचीस, "हिला विचारा, हिने नीट बघितलान." मग मी सांगायचे: हिरो आला, मारामारी झाली, लग्न झालं, संपला. काकू बिचाऱ्या बसल्या जागी जांभया द्यायच्या.

गेल्या महिन्यात जेटीवर पडदा बांधला होता. सिनेमा रंगात आला आणि खाडीवरच्या वाऱ्याने एक दोरी सुटली. मी धावत मागे गेले, दोरी धरून उभी राहिले, मान वर केली. सिनेमातला कारकून डाव्या हाताने सही करत होता. नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर होता. इतकी वर्षं सिनेमे बघितले, आता दाखवतेही, पण पडद्याच्या त्या बाजूने मी कधी धड बघितलंच नव्हतं. तू तुला दिसलं ते चोख सांगत होतीस ग. मला रडू आवरेना. शेजारचा खलाशी म्हणाला, "दोरी काचली काय वो?" मी हो म्हटलं.

आता मी मागेही चटया टाकते. मागे वारा चांगला लागतो, बायका हौसेने बसतात. लोक म्हणतात, तुम्ही गोष्ट छान समजावून सांगता. ते तुझ्याकडून आलं, विळीसमोर बसून आलं. आणि तू धपाटे घालून मला पुढे पिटाळलंस म्हणून मी पुढे गेले. शाळा, कॉलेज, नोकरी, सगळीकडे पुढच्या रांगेत बसायला लाजले नाही. आई, फार दिलंस तू मला.

तू असतीस तरी हे पत्र मी धाडलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं, माझी हॉस्टेलवरची पत्रं काकूच वाचून दाखवायच्या. म्हणजे तुझी माफी काकूंच्या तोंडून मागावी लागली असती. आता काकूही नाहीत. पण खरं सांगू? तेव्हा मी चुकले होते हे काकूंना कळावं, असं मला आजही वाटत नाही.